दोरीवरचा दिवस

सकाळी आठच्या सुमारास बोरीवली स्थानकाच्या पुलावरून खाली फलाटांकडे दृष्टी टाकली, म्हणजे हजारो माणसांच्या माना एकाच दिशेला किंचित उंचावलेल्या दिसतात. सर्वांचे डोळे इंडिकेटरकडे लागलेले असतात. गाडी कोठवर जाणार, ती धीमी की जलद, बारा डब्यांची की पंधरा डब्यांची, आणि तिला यायला किती मिनिटांचा अवकाश, एवढा मजकूर त्या उजळलेल्या पाटीवर वाचायला मिळाला की माणूस निश्चिंत होतो. गाडी उशिरा येणार असली तरी निश्चिंत होतो, कारण तिचे उशिरा येणे त्याला आधी कळलेले असते. तीच पाटी क्षणभर कोरी पडली, तर एरवी शेजाऱ्याकडे ढुंकूनही न पाहणारी माणसे परस्परांना विचारू लागतात. १९२८ साली विजेवरची गाडी बोरीवलीपर्यंत धावू लागली, तेव्हापासून या उपनगराचे आयुष्य वेळापत्रकाच्या आधाराने उभे राहिले आहे. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी ब्लॉक घ्यावयाचा झाला तर त्याची वर्दी आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येते, आणि दादरला बारशाला जाणारी मंडळी घरून तासभर आधी निघतात. गैरसोय व्हायची ती होतेच. परंतु पूर्वसूचना मिळालेली गैरसोय मनुष्य निमूटपणे सोसतो, आणि तीच अवचित अंगावर आली की स्टेशनमास्तरांच्या कचेरीत जाऊन जाब विचारतो.

नेमक्या त्याच घटकेला, स्थानकापासून हाकेच्या अंतरावरील एखाद्या घरात, चार वर्षांचे एक मूल फरशीवर ठोकळ्यांचा पूल रचीत बसलेले असते. पुलाचा शेवटचा ठोकळा त्याच्या हातात असतानाच कोणीतरी त्याला उचलते, न्हाणीघरात नेऊन अंगावर पाणी ओतते, पाणी आवडू लागले न लागले तोच टॉवेलात गुंडाळून बाहेर आणते, गणवेशात कोंबते, तोंडात पोळीचा घास आणि पाठीवर दप्तर देऊन जिन्यावरून खाली उतरविते, आणि रिक्षात बसविते. एवढ्या सगळ्या स्थित्यंतरांत पुढे काय येणार हे त्याला सांगणारी पाटी कोठेही नसते. मूल आक्रंदन करते, हातपाय झाडते, रिक्षाच्या दांडीला घट्ट धरून ठेवते. आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

माझी उमेदीची वर्षे बोरीवलीतल्याच एका बालवाडीत मुलांच्या सहवासात गेली, आणि त्या काळात मनाशी पक्के झालेले एक निरीक्षण आहे. मुले कामात असताना सहसा रडत नाहीत. वाळूत खेळणारे मूल वाळूत सुखी असते, गोष्ट ऐकणारे गोष्टीत आणि डबा खाणारे डब्यात. वादळ उठते ते वाळूतून उठून हात धुवायला जाण्याच्या, गोष्ट संपून वर्गाबाहेर पडण्याच्या, डबा मिटून पादत्राणे चढविण्याच्या वेळी. दिवसाच्या सांध्यांवर. मोठ्या माणसाच्या मनात हे सांधे आधीच जुळलेले असतात, कारण दिवसाचा आराखडा त्याच्यापाशी असतो, किंबहुना त्यानेच तो केलेला असतो. मुलापाशी असते ती केवळ चालू घटका. ‘पाच मिनिटांनी निघायचे हं’ असे आपण सांगतो तेव्हा ‘पाच’ही त्याला पुरते ठाऊक नसतात आणि ‘मिनिटे’ तर मुळीच नाहीत. ‘काल आपण आजीकडे जाऊ या’ असे निर्वेधपणे म्हणणारे ते जीव, त्यांना कालगणनेच्या भाषेत दिलेली सूचना ही सूचनाच नव्हे.

शिवाय बोललेला शब्द हवेत विरतो. आईने स्वयंपाकघरातून दिलेली हाक, तिच्या पाठोपाठ आलेली दुसरी, आणि तिसरीतील चढलेला स्वर, यांपैकी मुलाच्या पदरी पडतो तो बहुधा शेवटचा स्वरच. चित्राचे तसे नाही. भिंतीवर लावलेले चित्र वाट पाहते, रागावत नाही, दहादा पाहिले तरी दहादा तेच सांगते, आणि ज्याला पुन्हा खात्री करून घ्यायची आहे त्याला कोणाची मिनतवारी करावी लागत नाही. दिवसातील कामांची चित्रे क्रमाने मांडून मुलाच्या डोळ्यांसमोर ठेवायची, इतकी ही साधी गोष्ट. पण ती ज्या स्वमग्न मुलांसाठी प्रथम काळजीपूर्वक योजली गेली, त्यांचा इतिहास फार जुना नाही. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली आणि भोवतालचे सर्व जसेच्या तसे राहावे ही त्या मुलांची विलक्षण ओढ नोंदवून ठेवली. पुढे १९७२ साली उत्तर कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांच्या पुढाकाराने ‘टीच’ नावाचा राज्यव्यापी उपक्रम उभा राहिला, आणि स्वमग्न मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले पुष्कळदा अधिक नीट उमगते या अनुभवावर त्याने चित्रमय दिनक्रमाची पद्धती उभारली. आपल्याकडे १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि मग २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा निर्देश झाला. कायद्याने हक्क मान्य केले. सकाळी साडेसातला मोजे घालण्याचा प्रसंग मात्र ज्या त्या घराने आपल्या बळावर निभावून न्यायचा असतो.

मुलाने उंबरठा ओलांडताना त्याच्यावर येणारा भार हलका करावा, हा विचार मराठी मुलखाला परका नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, आणि १९४५ साली ताराबाई दादरचे शिशुविहार सोडून बोर्डीला गेल्या. आमच्या बोरीवलीहून डहाणूच्या गाडीत बसले, डहाणूला गाडी बदलली आणि पुढे घोलवडला उतरले की बोर्डी येते. तेथे, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांमध्ये जे काम केले ते मला आजही विस्मयकारक वाटते. मुले शाळेत येत नव्हती. तेव्हा मुलांना ओढून आणण्याची तजवीज न करता त्यांनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा यांचा जन्म असा झाला. विकासवाडीत तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात एकमेकींना लागून ठेवल्या, म्हणजे एकीतून दुसरीत जाणारे मूल परक्या मुलखात फेकले जाणार नाही. नदी ओलांडणे मुलाला अवघड वाटत असेल तर पैलतीरच अलीकडे आणावा, असा तो बाणा होता. जेथे पैलतीर अलीकडे आणता येत नाही, जेथे शाळा तिच्या जागी, कचेरी तिच्या जागी आणि गाडी तिच्या वेळेला, अशा आमच्या उपनगरी संसारात निदान पैलतीर दिसावा एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती उरते. चित्रांची दोरी ही ती व्यवस्था होय.

दोरी मी अक्षरशः म्हणते. आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पाच वर्षांचा एक मुलगा राहतो. तो स्वमग्न आहे, शब्द मोजके बोलतो, आणि घरातून निघण्याची प्रत्येक वेळ त्याच्या आईला रणांगणासारखी जात असे. ती एके दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, “काकू, तो ओरडतो त्याचं मला काही नाही, पण तो घाबरलेला असतो हो.” तिचे हे वाक्य ऐकून मला फार बरे वाटले, कारण जी माता मुलाच्या आरडाओरड्यात भय ओळखते तिचे निम्मे काम झालेले असते. आम्ही दोघींनी जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद कापले. आमच्या घरांत त्यांना तोटा नसतो. त्याच्याच घरातील वस्तूंची छायाचित्रे काढून त्यांवर चिकटविली: त्याचा निळा मग, त्याचा दात घासायचा ब्रश, बाथरूममधली त्याची बादली, पोहे भरलेली त्याची ताटली, खालचे फाटक, शाळेचे प्रवेशद्वार. दिवाणखान्यात त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे आपल्या कमरेच्या उंचीवर, सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रे टांगली. शेजारी एक कापडी पिशवी अडकविली. काम झाले की त्याने त्याचे चित्र काढून पिशवीत टाकायचे आणि ‘झालं’ म्हणायचे, किंवा म्हणायचे नसेल तर नुसते टाकायचे.

प्रारंभी दोनच चित्रे होती. आधी ब्रश, मग झोपाळा. ‘आधी’ आणि ‘मग’ या दोन शब्दांत कालाचे सारे व्याकरण सामावलेले आहे असे मला त्या दिवसांत वाटू लागले; ते एकदा हाताला लागले की तीन, चार, पाच चित्रांपर्यंत मूल आपण होऊन येते. ज्यांना छायाचित्रातली वस्तू आणि खरी वस्तू यांची सांगड अद्याप घालता येत नाही, त्यांच्यासाठी वस्तूच टांगावी: आंघोळीसाठी पंचा, जेवणासाठी चमचा. ज्यांना अक्षरे येऊ लागली त्यांच्यासाठी चित्राखाली शब्द लिहावा, आणि कालांतराने चित्र गळून शब्द उरू द्यावा. महागडे संच बाजारात मिळतात, ते घेऊ नयेत असे मी म्हणणार नाही. परंतु परक्या देशातल्या गुलाबी न्हाणीघराचे चित्र पाहून आपल्या बादलीची ओळख पटायला मुलाला विनाकारण एक पायरी अधिक चढावी लागते.

आणि येथे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. ही दोरी मुलाला बांधण्यासाठी नसते. पुष्कळ घरांत, आणि खेदाने म्हणावे लागते की काही शाळांतही, असा तक्ता भिंतीवर चढला की तो हुकूमनामा होऊन बसतो: ‘बघ, चित्रात काय आहे? मग चल!’ मुलापुढे बोट नाचविण्याचे ते एक नवे साधन होते, आणि चित्रात एकही आवडती गोष्ट नसेल तर मुलाने त्याकडे पाठ फिरवावी यात नवल ते कसले. वस्तुतः तो करारनामा आहे, आणि त्याने प्रथम बांधले जातो ते आपण. झोपाळ्याचे चित्र टांगले तर झोपाळा झाला पाहिजे. कचेरीतून फोन आला, पाहुणे आले, कंटाळा आला, तरी झाला पाहिजे. मुलाने त्याच्या वाट्याचा ब्रश केला आणि आपण आपल्या वाट्याचा झोपाळा रद्द केला, तर त्याच दिवशी ती चित्रे कागदाचे कपटे ठरतात, आणि पुन्हा त्यांना मोल चढवायला फार दिवस लागतात. मूल चित्रावर विश्वास ठेवते असे आपण म्हणतो. ते चित्र टांगणाऱ्या हातावर विश्वास ठेवीत असते. त्या मुलाची आई हे माझ्यापेक्षा लवकर ओळखून होती. ज्या संध्याकाळी तिला अंधेरीहून परतायला उशीर होईल असे वाटे, त्या संध्याकाळच्या दोरीवर ती सकाळीच बागेऐवजी गच्ची टांगून जाई.

परंतु संसारात सारेच आपल्या हाती कोठे असते? म्हणून दोरीवर एक चित्र बदलाचे असावे लागते. आम्ही पिवळ्या कागदावर एक मोठा वळलेला बाण काढला. आधी त्याची ओळख सुखाच्या प्रसंगाने करून दिली: भाजी आणायला जायचे होते, तेथे बाण लावला आणि बाणाखाली कुल्फी. बदल म्हणजे अरिष्टच असे त्याच्या मनाने धरू नये, म्हणून हा खटाटोप. आषाढातल्या एका रविवारी राष्ट्रीय उद्यानात जायचे ठरले होते, फाटकाचे आणि हरणांचे चित्र सकाळपासून टांगलेले होते, आणि नऊच्या सुमारास पाऊस असा कोसळू लागला की समोरची इमारत दिसेना. आईने त्याच्यासमोर हरणांच्या चित्रावर पिवळा बाण लावला, खाली छत्रीचे आणि त्याखाली ठोकळ्यांचे चित्र टांगले, आणि हरणे पिशवीत न टाकता दोरीच्या अगदी टोकाला, पुढल्या रविवारच्या जागी, नेऊन लावली. तो रडला. खूप रडला, चित्राने दुःख नाहीसे होते असा माझा दावा नाही. पण त्या रडण्यात पूर्वीची ती अंधारात पडल्याची भीती नव्हती, हरणे न भेटल्याचे साधे, स्वच्छ दुःख होते, आणि ते रडून संपण्याजोगे होते. मधूनमधून उठून तो दोरीच्या टोकाशी जाऊन हरणे जागेवर आहेत ना, हे पाहून येत असे.

चित्रांच्या क्रमाने घटना सांगण्याची ही रीत आमच्या बोरीवलीत किती पुरातन आहे, हे पाहायचे असेल तर पश्चिमेला एक्सर गावात जावे. तेथे दगडी वीरगळ उभे आहेत. जहाजांचा तांडा, वल्ही मारणारे लोक, सागरावरचे युद्ध, पडलेले वीर, त्यांचे स्वर्गारोहण आणि शेवटी शिवपूजन, असे पट एकावर एक कोरलेले आहेत. तेराव्या शतकात यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात झालेल्या युद्धाशी काही संशोधकांनी त्यांचा संबंध जोडला आहे. ते पट खालून वर वाचायचे असतात. ज्याला हे ठाऊक नाही तो वरून आरंभ करतो आणि वीराला स्वर्गातून रणांगणात उतरवितो. दोरी बांधताना मला या वीरगळांची आठवण होत असे, ती याचसाठी: क्रम कोणत्या टोकाकडून चालतो, हे आपण गृहीत धरतो, मुलाला ते कोणीतरी बोटाने दाखवावे लागते. पहिले काही दिवस मुलाचे बोट हाती धरून डावीकडून उजवीकडे प्रत्येक चित्रावर टेकवीत जाणे, ही त्या विद्येची मुळाक्षरे होत.

हे सर्व रोजच्या लहान सांध्यांविषयी झाले. आता आमच्या इमारतीपुढे एक फार मोठा सांधा येऊन ठेपला आहे. बोरीवलीत आज ज्या गल्लीत शिरावे त्या गल्लीत पत्र्यांचे कुंपण आणि त्यामागे यंत्रांची घरघर आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत, आणि आमचीही जाणार आहे. वडील मंडळींना या प्रकरणाची खडान्‌खडा माहिती असते. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली शासनाने २००९ साली, आणि सुधारून २०१९ साली, जे निर्देश काढले, त्यांनी विशेष सभा, सभेचे चित्रीकरण, सल्लागाराचा अहवाल, असे टप्पे आखून दिले आहेत, ते सभासदाला अंधारात ठेवले जाऊ नये म्हणूनच. भाडे किती, कॉर्पस किती, ताबा कधी, मुदत चुकली तर विकासकाकडून काय वसूल करायचे, याची कलमे आम्ही तासन्‌तास चर्चिली. ती चर्चिणे योग्यच आहे. आयुष्यभराची पुंजी त्या भिंतींत आहे. पण ज्यांचे सगळे जगच त्या भिंतींत आहे, ज्यांनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरचा तुटका कोपरा बोटांनी पाठ केला आहे, त्या मुलांना टेम्पो दाराशी लागेपर्यंत कोणी काही सांगणार नाही, असाच एकंदर रंग दिसतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलासाठी आम्ही या स्थलांतराची वेगळी दोरी करायला घेतली, आणि तेथे एक पेच पडला. पहिली चित्रे सोपी होती: आताचे घर, खोकी, टेम्पो, भाड्याचे घर. भाड्याचे घर बाभईकडे मिळाले आहे; त्याचे दार, खिडकी, जिना, त्याच्या निजण्याचा कोपरा, सर्वांची छायाचित्रे झाली, आणि रिकाम्या घरात नेऊन त्याला त्याचा निळा मग स्वतः ठेवू दिला. त्यापुढे काय टांगायचे? विकासकाच्या रंगीत पत्रकात उंच, झगमगणाऱ्या इमारतीचे चित्र आहे, त्याचे बाबा म्हणाले, तेच लावू या. मी विरोध केला. ती इमारत अद्याप नाही. ती तीन वर्षांत होईल असे करारात लिहिले आहे, पण बोरीवलीतच अशी कुटुंबे आहेत ज्यांची मुदत केव्हाच उलटून गेली; मोठी माणसे असे वचन न्यायालयात नेऊ शकतात, मूल कोठे नेणार? जे आपण खात्रीने घडवून आणू शकत नाही ते त्याच्या दोरीवर येता कामा नये. बराच विचार करून शेवटी आम्ही जे आपल्या हाती आहे ते टांगले: दर महिन्याचा पहिला रविवार, आणि त्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिंपळाचे चित्र. त्या रविवारी त्याचे बाबा त्याला येथे आणतील, पत्र्यांच्या फटीतून जे दिसेल ते दोघे पाहतील, त्याचे छायाचित्र काढतील आणि घरी जाऊन दोरीला लावतील. खड्डा असेल तर खड्डा, खांब असतील तर खांब. अशा रीतीने ती दोरी वाढत जाईल, आणि तिच्यावर जे असेल ते सारे खरे असेल.

इमारतीत लहान मुले असलेली आणखी सात बिऱ्हाडे आहेत. त्यांतले एकही मूल स्वमग्न नाही, आणि त्यांपैकी प्रत्येकाला, माझ्या मते, हीच माहिती मिळण्याचा तितकाच अधिकार आहे. म्हणून मागच्या सभेत मी उभी राहिले आणि तीन गोष्टी मागितल्या: घरे रिकामी करण्याच्या महिनाभर आधी मुलांसाठी तळमजल्यावर चित्रांचा एक फलक लावावा, इमारत पाडण्यास आरंभ होण्यापूर्वी सर्व मुलांना एकत्र बोलावून जिना, गच्ची, झोपाळा यांची छायाचित्रे त्यांच्याच हातांनी काढू द्यावीत, आणि काम चालू असताना पत्र्याच्या कुंपणाला, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, जाळी लावलेली एक खिडकी विकासकाकडून करून घ्यावी. सभेने ऐकून घेतले. खिडकीबद्दल विकासकाच्या प्रतिनिधीने सुरक्षिततेची अडचण सांगितली, ती रास्त आहे, आणि जाड पारदर्शक पत्रा वापरून ती दूर करता येईल असे आमच्यातील एका अभियंत्याचे मत पडले. सचिवांनी हा विषय इतिवृत्तात नोंदवून घेतला असून पुढील महिन्याच्या सभेत करारनाम्याच्या परिशिष्टावर चर्चा व्हायची आहे. तोवर त्या खिडकीचे माप, उंची आणि जागा दाखविणारे रेखाचित्र तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.